मुहूर्त चार जुलैचा

१ जुलै १७७६ च्या रात्री डेलावेअरमधल्या डोव्हर गावाकडून एक माणूस फिलाडेल्फियाच्या दिशेने निघाला. नाव सीझर रॉडनी, वय ४७. चेहऱ्याला कॅन्सर झालेला, त्यात दम्याची खोड. अंतर सुमारे ८० मैल आणि वाटभर विजा नि पाऊस. निरोप तातडीचा होता. फिलाडेल्फियात तेरा वसाहतींचे प्रतिनिधी इंग्लंडपासून फुटायचं की नाही यावर मत द्यायला बसले होते आणि डेलावेअरचे हजर असलेले दोघे एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना होते. तिसरा पोचला नाही तर डेलावेअरचं मत बादच होणार होतं. दुसऱ्या दिवशी रॉडनी पायातले बूटही न उतरवता सभागृहात शिरला आणि स्वातंत्र्याच्या बाजूने मत देऊन बसला. ठराव बाराविरुद्ध शून्य असा मंजूर झाला. न्यूयॉर्कचे प्रतिनिधी तेवढे, घरून हुकूम आलेला नाही म्हणून, गप्प राहिले.

तो दिवस होता २ जुलै. अमेरिका कायद्याने स्वतंत्र झाली ती त्या दिवशी. जॉन अ‍ॅडम्स या मॅसॅच्युसेट्सच्या वकिलाने, स्वातंत्र्यासाठी सगळ्यात जास्त घसा बसवलेल्या माणसाने, ३ तारखेला बायकोला, अ‍ॅबिगेलला, पत्र लिहिलं. पुढच्या पिढ्या २ जुलै हा मोठा सण म्हणून पाळतील, मिरवणुका निघतील, तोफा आणि घंटा वाजतील, रोषणाई होईल, असं भाकीत त्याने केलं. सगळं तंतोतंत खरं ठरलं, तारीख सोडून.

तारीख सरकली ती एका छापखान्यामुळे. २ तारखेला ठराव झाला. तो जगाला समजावून सांगणाऱ्या जाहीरनाम्याचा मसुदा पुढचे दोन दिवस सभागृहात कापला-जोडला जात होता आणि तो मंजूर झाला ४ तारखेला. त्याच रात्री जॉन डनलॅप या मुद्रकाने त्याच्या सुमारे २०० प्रती काढल्या आणि माथ्यावर तारीख छापली ४ जुलै १७७६. गावोगावी चौकात, छावण्यांत सैनिकांपुढे हाच कागद वाचला गेला. लोकांनी तारीख कागदावरून उचलली. त्या दिवशी सगळ्यांनी सह्या केल्या हीही समजूतच. बहुतेकांच्या सह्या झाल्या २ ऑगस्टला.

मसुदा लिहिणारा थॉमस जेफरसन तेव्हा ३३ वर्षांचा होता. हिशेबाची वही ठेवायची त्याला भारी हौस. ४ जुलैच्या नोंदी वाचल्या तर राष्ट्र जन्माला येतंय असा पुसटसा संशयही येत नाही. त्याने एक थर्मामीटर विकत घेतला, बायकी हातमोज्यांच्या सात जोड्यांचे पैसे दिले, थोडा दानधर्म केला आणि चार वेळा हवामान टिपलं. दुपारी एक वाजता ७६ अंश फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम २४ अंश सेल्सिअस. तैलचित्रांत घामाघूम झालेले पुढारी दाखवतात, पण प्रत्यक्षात दिवस चांगला सुसह्य होता.

जेफरसनला सुसह्य नव्हतं ते दुसरंच. त्याच्या मसुद्याचा जवळपास चौथा भाग सभेने उडवला. तो तोंडातून शब्द न काढता बसून राहिला. शेजारी सत्तरीचा बेंजामिन फ्रँकलिन होता. त्याने पोराची अवस्था ओळखली आणि एक गोष्ट सांगितली, जी जेफरसनने पुढे लिहून ठेवली. जॉन थॉम्पसन नावाच्या एका टोपीवाल्याने दुकानाची पाटी ठरवली : ‘जॉन थॉम्पसन, टोपीवाला, टोप्या बनवतो आणि रोखीने विकतो’, आणि खाली टोपीचं चित्र. मित्रांना दाखवली. एक म्हणाला, टोप्या बनवतो म्हटल्यावर ‘टोपीवाला’ कशाला? दुसरा म्हणाला, टोपी चांगली असली की झालं, कोणी बनवली याच्याशी गिऱ्हाइकाला काय करायचंय? ‘बनवतो’ काढ. तिसरा म्हणाला, इथे उधारी कोण देतो? ‘रोखीने’ काढ. ‘टोप्या विकतो’ एवढं उरलं, तर चौथा म्हणाला, फुकट वाटशील असं कोणाला वाटणार आहे? शेवटी चित्र आहेच म्हणून ‘टोप्या’ही गेल्या आणि पाटीवर राहिलं जॉन थॉम्पसन हे नाव आणि खाली टोपी. संपादकांच्या हातून गेलेल्या कुठल्याही लेखकाने ही गोष्ट पाठ करून ठेवावी.

पण उडवलेल्या मजकुरात एक परिच्छेद होता, ज्यातला प्रश्न पुढे या तारखेची पाठ सोडणार नव्हता. आफ्रिकेतून माणसं धरून आणून विकण्याच्या व्यापाराचं पाप जेफरसनने इंग्लंडच्या राजाच्या माथी मारलं होतं. दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जिया यांना ते खपलं नाही. उत्तरेतल्या ज्या शहरांची जहाजं या धंद्यात होती त्यांनाही ते बोचत होतं. परिच्छेद गेला, ‘सर्व माणसं समान’ हे वाक्य राहिलं. लिहिणाराही काही धुतल्या तांदळाचा नव्हता. आयुष्यभरात त्याच्या मालकीची सहाशेहून अधिक माणसं होती आणि त्या फिलाडेल्फियातल्या बिऱ्हाडी त्याच्या सेवेला १४ वर्षांचा रॉबर्ट हेमिंग्ज होता. तोही गुलाम.

आपल्याकडे त्याच साली, मार्चमध्ये, पुणे दरबार आणि कलकत्त्याचा वकील कर्नल अप्टन यांच्यात पुरंदरचा तह झाला होता. इंग्रज एकाच वेळी इकडे मराठ्यांशी आणि तिकडे आपल्याच वसाहतवाल्यांशी गुंतले होते. मराठ्यांपुढे वडगावला झालेली नामुष्की १७७९ ची, अमेरिकेत यॉर्कटाउनला झालेली १७८१ ची. तिथे शरण आलेला लॉर्ड कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात उतरला आणि १७९२ साली हरिपंत फडके यांच्या मराठी फौजेसोबत टिपूच्या श्रीरंगपट्टणला वेढा घालून बसला. असो.

एकदा सण ठरल्यावर अमेरिकनांनी जे केलं ते आपल्याला लगेच कळेल. त्यांनी त्या तारखेचा मुहूर्त केला. शुभारंभ असो, कोनशिला असो, काही वाजतगाजत करायचं झालं की ४ जुलै धरायचा. १८१७ साली ईरी कालव्याची पहिली कुदळ न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावी पडली ती याच दिवशी, सूर्योदयाला. १८२८ साली तर एकाच दिवशी दोन मुहूर्त झाले, तेही एकमेकांच्या उरावर. बाल्टिमोरला नव्वदीतल्या चार्ल्स कॅरल यांच्या हस्ते बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा प्रारंभ झाला. जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी तेव्हा ते एकटेच हयात होते. तिकडे वॉशिंग्टनजवळ राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स (आपल्या पत्रलेखक अ‍ॅडम्सचे चिरंजीव) चेसापीक-ओहायो कालव्यासाठी खणायला गेले, तर फावडं मुळाला अडकलं. दोन-तीनदा मारूनही जमेना, तेव्हा या करड्या, लोकांत कधी न मिसळणाऱ्या माणसाने अंगातला कोट काढला आणि नुसत्या शर्टावर खणायला सुरुवात केली. लोक खूश. त्याच्या सगळ्या कारकिर्दीत एवढ्या टाळ्या त्याला बहुधा इतर कशाला पडल्या नसतील. कालवा मात्र मागे पडला. कंबरलँड गावी रेल्वे १८४२ ला पोचली, कालवा १८५० ला.

हे सगळे ठरवून धरलेले मुहूर्त. दिनविशेषाच्या चौकटीत एकाखाली एक वाचले की योगायोग वाटतात, पण त्यांत योगायोग असा काही नाही. खरा योगायोग म्हणावा तर १८२६ सालचा. आणि त्यातही कितपत योगायोग आणि कितपत म्हाताऱ्यांची जिद्द, हे ठरवणं अवघड आहे.

स्वातंत्र्याचं ते पन्नासावं वर्ष. अ‍ॅडम्स ९० वर्षांचे, जेफरसन ८३ चे. मधल्या काळात दोघे राष्ट्राध्यक्ष झाले होते, एकमेकांविरुद्ध निवडणूक लढले होते आणि इतके दुरावले होते की १८०१ साली जेफरसन यांचा शपथविधी पाहायला नको म्हणून अ‍ॅडम्स पहाटेच राजधानी सोडून निघून गेले. पुढे १८१२ मध्ये बेंजामिन रश या समाईक मित्राने मध्ये पडून दिलजमाई केली. त्यानंतर दोघांनी चौदा वर्षं एकमेकांना पत्रं लिहिली. धर्म, ग्रीक ग्रंथ, म्हातारपण, राज्यक्रांत्या, कशालाही बंदी नव्हती.

व्हर्जिनियात माँटिसेलोच्या टेकडीवर जेफरसन जुलै उजाडताना अंथरुणाला खिळले होते. ३ तारखेच्या संध्याकाळी जाग आली तेव्हा त्यांनी डॉक्टर डंगलिसन यांना विचारलं, आज चार तारीख का? आता लागेलच, असं डॉक्टर म्हणाले. रात्री नऊला अफूचा अर्क पुढे केला तर त्यांनी नाकारला. अकराच्या सुमाराला नातजावई निकोलस ट्रिस्ट उशाशी होता. त्यालाही तोच प्रश्न. खोटं बोलायला नको म्हणून त्याने ऐकलंच नाही असं दाखवलं. प्रश्न पुन्हा आला तेव्हा त्याने मान डोलावली. सकाळी दहाला म्हाताऱ्याने नातवाकडे टक लावून काहीतरी मागितलं. नातवाला उमजेना. उमजलं ते बरवेल कोल्बर्टला : उशी नेहमीपेक्षा खाली गेलीय. त्याने ती सारखी केली. बरवेल हा घरातला गुलाम कारभारी. दुपारी एकला दहा मिनिटं असताना जेफरसन गेले.

त्याच संध्याकाळी, शेकडो मैल उत्तरेला क्विन्सी गावी, जॉन अ‍ॅडम्स गेले. थॉमस जेफरसन अजून आहे, अशा अर्थाचं काहीसं ते शेवटी पुटपुटले असं सांगितलं जातं. शेवटचा शब्द नीट ऐकू आला नव्हता हेही सांगणाऱ्यांनीच नोंदवलंय. राष्ट्राध्यक्ष असलेल्या मुलाला जेफरसन गेल्याची बातमी ६ तारखेला मिळाली आणि वडील गेल्याची ९ तारखेला. दोघं एकाच दिवशी, तेही त्या दिवशी, हा देवाचा उघड कौल आहे असं त्याने रोजनिशीत लिहिलं. देशभर तेच बोललं गेलं. पाच वर्षांनी पाचवे राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो हेही ४ जुलैलाच वारले, तेव्हा तर शंकेला जागाच राहिली नाही.

शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. मला ती तिथे संपवता येत नाही, कारण जेफरसन यांनी मागे १ लाख डॉलरहून जास्त कर्ज ठेवलं होतं. जानेवारी १८२७ मध्ये माँटिसेलोच्या अंगणात लिलाव झाला. फर्निचर, गुरं, धान्य आणि १३० माणसं अशी जाहिरात होती. मृत्युपत्राने त्यांनी पाच जणांना मुक्त केलं होतं. बरवेल लगेच सुटला. त्यांची शवपेटी बनवणारा सुतार जॉन हेमिंग्ज आणि लोहार जो फॉसेट या दोघांना मात्र मृत्यूनंतर एक वर्षाने स्वातंत्र्य होतं. म्हणजे जो फॉसेट कायद्याने मोकळा झाला ४ जुलै १८२७ रोजी. त्याची बायको एडिथ जेफरसन यांच्या स्वयंपाकघराची मुख्य आचारी होती. राष्ट्राध्यक्षांच्या निवासात फ्रेंच स्वयंपाक शिकून आलेली. मृत्युपत्रात तिचं नाव नव्हतं, मुलांचंही नव्हतं. जो मोकळा व्हायच्या सहा महिने आधी ती सगळी लिलावात वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना गेली. पुढची वर्षं जो घण घालत होता ते त्यांना परत विकत घेण्यासाठी. एडिथ आणि काही मुलं त्याला सोडवता आली. ११ वर्षांचा पीटर राहून गेला. तो सुटला १८५० च्या आसपास आणि पुढे सिनसिनाटीत पाद्री झाला.

याच तारखेला, याच ४ जुलै १८२७ ला, न्यूयॉर्क राज्यातली गुलामगिरी संपली. दहा वर्षांपूर्वी केलेल्या कायद्याने हा दिवस मुक्रर केला होता. म्हणजे राज्यकर्त्यांना मुहूर्ताचा अर्थ पक्का ठाऊक होता. पण न्यूयॉर्क शहरातल्या काळ्या लोकांनी मोठी मिरवणूक काढली ती ५ जुलैला. ४ तारखेला रस्त्यावर दारू पिऊन फिरणारी गोऱ्यांची टोळकी हाणामारी करणार हे अनुभवाने माहीत होतं. सण तुमचा, मार तुम्हीच खायचा, असा प्रकार. एक दिवस उशिराचा सण मग रूढच झाला. १८५२ साली रॉचेस्टरच्या कोरिंथियन सभागृहात फ्रेडरिक डग्लस बोलायला उभा राहिला तोही ५ जुलैला. त्या वर्षी चार तारखेला रविवार होता हे एक कारण, पण भाषण ऐकलं असेल त्याला दुसरं कारण विचारावं लागलं नसेल. मेरीलँडमधून पळून आलेला हा एकेकाळचा गुलाम स्वातंत्र्यदिनाचा पाहुणा म्हणून आला आणि पाच-सहाशे श्रोत्यांना त्याने तोंडावर विचारलं की तुमचा हा दिवस गुलामाचा कोण लागतो? अमेरिकेत स्वातंत्र्यदिनाची हजारो भाषणं झाली असतील. आज आवर्जून वाचलं जातं ते हे एक.

आणि मग १८६३. उत्तर आणि दक्षिण यांच्यातल्या यादवी युद्धाला दोन वर्षं उलटून गेलेली. मिसिसिपी नदीवरच्या उंच कड्यावर विक्सबर्ग शहर होतं. ते दक्षिणेकडे असेपर्यंत नदी उत्तरेला मोकळी मिळणार नव्हती. उत्तरेच्या जनरल युलिसीस ग्रँटने १८ मेपासून वेढा आवळला. तोफगोळ्यांना कंटाळून लोक टेकडीच्या पिवळ्या मातीत गुहा खणून राहू लागले. खायला खेचराचं मांस. ‘डेली सिटिझन’ या तिथल्या वर्तमानपत्राचा कागद संपला, तेव्हा संपादकाने भिंतीला लावायच्या नक्षीच्या कागदाचे ताव घेतले आणि कोऱ्या पाठीवर अंक छापला. २ जुलैच्या अंकात त्याने ग्रँटची टर उडवली. साहेबांचा बेत म्हणे ४ जुलैची मेजवानी विक्सबर्गात झोडायचा आहे. अहो, ससा शिजवायचा तर आधी तो हातात तर येऊ द्या. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातली गत.

आतली हकीगत वेगळी होती. विक्सबर्गचा सेनापती जॉन पेंबर्टन स्वतः उत्तरेचा, तोही फिलाडेल्फियाचा. बायको व्हर्जिनियाची आणि निष्ठा तिच्या माहेराशी. ३ जुलैला दुपारी एका ओकच्या झाडाखाली तो ग्रँटला भेटला. आपल्या अधिकाऱ्यांना त्याने सांगितलं की मी त्यांच्यातलाच आहे, त्यांचा अभिमान कुठे आहे मला माहीत आहे. ४ जुलैला शहर पदरात पडावं म्हणून ते अटी ढिल्या करतील. ग्रँटने २९ हजारांहून जास्त सैनिकांना कैदेत न घालता, पुन्हा शस्त्र न धरण्याच्या वचनावर सोडलं. ग्रँटचं कारण निराळं होतं. एवढ्या कैद्यांना उत्तरेला न्यायला बोटी कुठून आणायच्या? पण पेंबर्टनने मुहूर्ताचा भाव लावला आणि शहर त्या मुहूर्तावर दिलं, हे तर खरंच. उत्तरेचे शिपाई ‘डेली सिटिझन’च्या छापखान्यात घुसले तेव्हा खिळे जुळवलेले तसेच होते. त्यांनी तळाला चार ओळी जोडल्या की ससा सापडला आहे आणि भिंतीच्या कागदावरचा हा शेवटचाच अंक. मग यंत्र फिरवलं.

त्याच दिवशी हजार मैलांवर पेनसिल्व्हेनियात मुसळधार पाऊस पडत होता. गेटिसबर्गला तीन दिवसांत दोन्ही बाजूंची मिळून सुमारे ५० हजार माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली होती, आणि दक्षिणेचा जनरल ली माघारी निघाला होता. त्याच्या जखमींच्या गाड्यांची रांग १७ मैल लांब होती.

विक्सबर्गची बातमी वॉशिंग्टनला पोचली ७ जुलैला. रात्री लोक वाजतगाजत राष्ट्राध्यक्षांच्या दारात जमले. लिंकन खिडकीत आले आणि त्यांनी चक्क दिनविशेष सांगितला. ऐंशीएक वर्षांपूर्वी याच दिवशी सर्व माणसं समान आहेत असं जाहीर झालं. ते लिहिणारा आणि ते लढवणारा, दोघे याच दिवशी गेले. पाच वर्षांनी आणखी एक राष्ट्राध्यक्ष याच दिवशी गेला. आणि आता, सर्व माणसं समान नाहीत असं म्हणणाऱ्यांच्या सेनेने याच दिवशी पाठ फिरवली. बोलणं विस्कळीत होतं. यावर मोठं भाषण द्यायला हवं पण आज तयारी नाही, असं तेच म्हणाले. ती तयारी झाली नोव्हेंबरात. गेटिसबर्गच्या स्मशानभूमीत दोन-अडीच मिनिटांचं जे भाषण झालं, त्याचं कच्चं सूत जुलैतल्या त्या खिडकीत कातलं गेलं होतं. १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती याच लढ्याची पोच म्हणून.

पराभूत दक्षिणेत ४ जुलै गोऱ्यांना नकोसा झाला. विक्सबर्गमध्ये तर कित्येक दशकं त्यांनी त्याकडे पाठ फिरवली. सण राहिला तो नव्याने सुटलेल्या काळ्या लोकांकडे. तेच मिरवणुका काढत, तेच जाहीरनामा वाचत. पन्नास वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये ज्यांना हा दिवस टाळावा लागला, त्यांच्याच भाईबंदांनी दक्षिणेत तो ताब्यात घेतला. फुकट मात्र नाही. ४ जुलै १८७६ ला, राष्ट्राच्या शताब्दीदिवशी, दक्षिण कॅरोलिनातल्या हॅम्बर्ग गावात काळ्या नागरी सैनिकांची कवायत चालू होती. दोन गोऱ्या तरुणांच्या बग्गीला वाट देण्यावरून बाचाबाची झाली. चार दिवसांनी शेकडो सशस्त्र गोरे तोफ घेऊन गावात आले. सहा काळी माणसं मारली गेली, त्यातली बहुतेक शरण आल्यानंतर.

त्याच ४ जुलैला फिलाडेल्फियात, स्वातंत्र्य सभागृहापाशी शताब्दीचा मुख्य सोहळा होता. मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांनी आपलं निवेदन वाचू देण्याची परवानगी मागितली होती, ती मिळाली नाही. जाहीरनाम्याचं वाचन संपलं आणि पाहुणे पुढच्या गाण्यासाठी सावरून बसताहेत तोच सुझन अँथनी आणि चार जणी उठून थेट व्यासपीठाकडे निघाल्या. अध्यक्षस्थानी असलेले फेरी साहेब गोंधळून वाकले आणि स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा त्यांच्या हातात पडला. परतताना बायका डाव्या-उजव्या हातांनी छापील प्रती वाटत आल्या. लोक खुर्च्यांवर चढून प्रती मागू लागले. मग बाहेर वाजंत्र्यांच्या रिकाम्या मंचावर अँथनीने तो मोठ्याने वाचला. ऊन कडक होतं. सोबतच्या मटिल्डा गेजने तिच्या डोक्यावर छत्री धरली होती. मताचा हक्क मिळायला अजून ४४ वर्षं होती आणि तो पाहायला अँथनी राहणार नव्हती. याच शहरात दहा वर्षांनी आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या आणि तो समारंभ पाहायला पंडिता रमाबाई आल्या. परतल्यावर रमाबाईंनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं, त्यात तिथल्या स्त्रियांच्या या खटपटीला भरपूर जागा दिली.

पुढच्या काही ४ जुलैंवरून भराभर जातो. १८८१ ला टस्कीगीला बुकर टी. वॉशिंग्टन यांची काळ्यांसाठीची शाळा ३० विद्यार्थ्यांसह उघडली. १९१० ला रीनोच्या रणरणत्या उन्हात सुमारे २० हजार लोकांसमोर मुष्टियुद्धात काळ्या जॅक जॉन्सनने गोऱ्या जिम जेफ्रीजला पंधराव्या फेरीत लोळवलं. गोऱ्या वंशाची लाज राखायला जेफ्रीजला निवृत्तीतून ओढून आणलं होतं आणि तारीख मुद्दाम स्वातंत्र्यदिनाची धरली होती. मुहूर्त उलटला. त्या रात्री कित्येक शहरांत काळ्यांवर हल्ले झाले, माणसं मेली आणि दोन वर्षांनी मुष्टियुद्धाच्या फिल्मा एका राज्यातून दुसऱ्यात न्यायला बंदी घालणारा कायदा झाला. ठोसा विसरायचा तर फिल्म दाबायची, हा उपाय तेव्हाही लोकप्रिय होता. १९६६ ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी माहितीच्या अधिकाराच्या कायद्यावर टेक्सासमधल्या आपल्या शेतावर सही केली. इतर कायद्यांच्या सह्यांना त्यांना कॅमेरे आणि पाहुण्यांची गर्दी लागे. या सहीला समारंभ नाही. मनातून त्यांना तो कायदा नकोच होता.

राहिली फिलिपिन्सची गोष्ट, कारण तिथे अमेरिकेने आपला मुहूर्त दुसऱ्याच्या घरात नेला. १२ जून १८९८ रोजी एमिलियो अगिनाल्डो यांनी कावित गावी स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केलं. वर्ष संपायच्या आत अमेरिकेने २ कोटी डॉलर देऊन ती बेटं स्पेनकडून घेतली. देणाऱ्या-घेणाऱ्यांपैकी कोणीही तिथल्या लोकांना विचारलं नाही. मग युद्ध पेटलं, त्यात अमेरिकेचे ४ हजारांहून अधिक सैनिक गेले आणि फिलिपिनो नागरिक रोगराई-उपासमार धरून लाखांच्या हिशेबात. ४ जुलै १९०१ ला विल्यम टाफ्ट मनिलात नागरी गव्हर्नर म्हणून बसले. ४ जुलै १९०२ ला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी युद्ध संपल्याचं जाहीर केलं, जरी काही भागांत ते संपलं नव्हतं. (त्याच दिवशी बेलूर मठात स्वामी विवेकानंदांनी देह ठेवला. चार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अमेरिकन शिष्यांसाठी त्यांनी या तारखेवर कविता लिहिली होती. हा मात्र निखळ योगायोग.) १९३४ च्या कायद्याने स्वातंत्र्याचा दिवस ठरला तोही ४ जुलै, मध्ये दहा वर्षांचा संक्रमणकाळ ठेवून. त्याप्रमाणे १९४६ साली मनिलाच्या लुनेता मैदानावर अमेरिकेचा झेंडा उतरला आणि फिलिपिन्सचा चढला.

देणाऱ्याला वाटलं, आपल्याकडची सगळ्यात मोलाची तारीख दिली. घेणाऱ्यांना वाढदिवसही मालकाच्याच दिवशी करावा लागत होता. सोळा वर्षं त्यांनी तो केला. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष दिओस्दादो माकापागाल यांनी फिलिपिन्सचा स्वातंत्र्यदिन १२ जूनला नेला. ४ जुलै तिथल्या कॅलेंडरात अजून आहे, फिलिपिन्स-अमेरिका मैत्री दिन म्हणून, पण त्या दिवशी कचेऱ्या चालू असतात.